बदली आल्याशिवाय

पहिल्या भेटीत सुभेदारांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मी कॉलेजचं पत्र पुढे केलं, ते त्यांनी घडीसुद्धा न उलगडता परत दिलं. म्हणाले, "पाय दाखव."

ओतूरचं एसटी स्टँड, बाजाराचा दिवस, भोवती भाजीच्या पाट्या घेतलेल्या बाया. आणि समोर हा सत्तरीचा माणूस. खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात शिट्टी. तो माझ्या चपलांकडे असा बघत होता की मला पाय कुठे ठेवावेत ते कळेना.

"चपलेवर फौजी मानसाला भेटाया आलीस? जा. बूट घालून ये, मंग बोलू."

ते लुनावर बसून निघूनही गेले. मी नारायणगावहून जीपने, कोंबून, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर बसून आले होते. तशीच परत गेले. घरी आईने विचारलं, झालं का काम? मी सांगितलं, बूट नव्हते म्हणून नाही झालं. वडील जेवता जेवता हसले. पुढच्या खेपेला मी बूट घालून गेले.

हे काम म्हणजे माझा प्रबंध होता. समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला तो करावाच लागतो. विषय मीच निवडला होता: लष्करातून निवृत्त झालेल्या सैनिकांना सेवेनंतर मिळणारा आधार, जुन्नर आणि आंबेगाव तालुके. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रबंध म्हणजे काय हे मला दोनदा समजावून सांगावं लागलं. आईला वाटलं शिरगणती आहे. वडील म्हणाले, त्यांना पेन्शन असती, कॅन्टीन असतं, आणखी कसला आधार?

माजी सैनिकांपर्यंत पोचायचं तर सुभेदारांना गाठ, असं ज्याला विचारावं तो सांगायचा. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही लोक सरसकट 'मेजर' म्हणतात. सुभेदारांना ते अजिबात खपत नसे. चहावाल्याने "या मेजर" म्हटलं की ते चहा न घेता पुढे जायचे. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या हुद्द्याने हाक मारायची, हा त्यांचा कायदा. मला त्यांनी रंगरूट करून टाकलं, म्हणजे नवीन भरती झालेला शिपाई. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

त्यांचा उद्योग असा, की निवृत्त होऊन गावी आलेल्या माणसाला ते ड्युटी द्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. एक हवालदार स्टँडवर, कुठली गाडी रद्द झाली ते लोकांना सांगायला. एक जण शाळेपाशी, पोरांना हायवे ओलांडून द्यायला. एक जण गावाच्या पाण्याच्या पंपावर. सुभेदार रोज लुनावरून सगळीकडे फेरी मारायचे, आणि फौजेतल्या पायतपासणीसारखा प्रत्येकाला एकच हुकूम करायचे: पाय दाखव. मग तो माणूस दगडावर, कट्ट्यावर, जिथे जागा असेल तिथे बसून बूट काढायचा. सुभेदार शेजारी उभे राहायचे. चहासुद्धा उभ्यानेच. मी त्यांना बाहेर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि त्यांचे स्वतःचे पाय तर कुणीच पाहिले नव्हते.

नियम एकच. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. बदली म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येणार, ताबा घेणार, मगच आधीचा जाणार. कुणाला घरी लवकर जायचं असेल तर सुभेदार दुसऱ्याला पाठवायचे, नाहीतर स्वतः उभे राहायचे. स्टँडवरच्या हवालदारांची बायको मला म्हणाली, "घरातला गॅस संपला तरी ह्यांना कळत न्हाई, आन् नाशिक गाडी किती लेट हाय ते पाठ. तुमच्या कागदात हे लिवा ताई."

मी ते लिहिलं. बाकी लिहिण्यासारखं फार मिळतच नव्हतं, कारण सुभेदार.

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी बजावलं होतं, मुलाखत एकेकट्याची घे, खासगीत घे. मी तसं सुभेदारांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना आपल्या अंगणात लिंबाखाली हुद्द्याप्रमाणे रांगेत उभं केलं होतं. मी पुन्हा समजावलं. तेव्हा ते एकेकाला आत पाठवायला तयार झाले, आणि स्वतः बाहेर खिडकीशी उभे राहिले. मी शाळेवरच्या माणसाला विचारलं, झोप कशी लागते?

तो म्हणाला, "झोप म्हंजे तसं…"

"ठीक लागती," खिडकीतून उत्तर आलं.

मन मोकळं करायला कोण आहे? "सगळी हायेत." खिडकीतूनच. त्या दिवशी मी ज्याला ज्याला विचारलं त्याचं सगळं ठीक निघालं. झोप ठीक, घर ठीक, तब्येत ठीक. शेवटी मी चिडून सुभेदारांनाच आत बोलावलं आणि तेच प्रश्न विचारले. ते दारातच उभे राहून म्हणाले, "माझं ठीक हाय. पुढचा?" पुढचा कुणी नव्हता.

मॅडम फोनवर म्हणाल्या, त्या गृहस्थांना बाजूला ठेव. मी म्हटलं, हो मॅडम. पण बाजूला ठेवणार कसं? मी ज्या वाडीत जावं तिथे लुना आधीच उभी. वर मलाही ड्युटी लागली. आधी ड्युटी, मग प्रश्न, असं त्यांचं म्हणणं. मी हवालदारांबरोबर स्टँडवर उभी राहून लोकांना सांगत होते की कल्याण गाडी आज नाही, आणि एक आजोबा माझ्यावरच ओरडत होते, जणू गाडी मी खाल्ली.

अशातच सुभेदारांकडे हिराबाई आल्या. आहुप्याहून, म्हणजे पार घाटमाथ्यावरून, दोन गाड्या बदलून. त्यांचे यजमान गेणू नायक. नायक हा हुद्दा. फौजेत ते सुभेदारांच्याच हाताखाली होते. निवृत्तीनंतर काही वर्षं चाकणला कंपनीच्या गेटवर होते, मग गावी परतले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवायला उठवलं तरी उठेनात. तेव्हाही हिराबाई अशाच आल्या होत्या. सुभेदार तेव्हा आहुप्याला गेले आणि गेणूंना सांगून आले, उद्यापासून देवराईवर संत्री, म्हणजे पहारेकरी. पर्यटक येतात, बाटल्या टाकतात, शेळ्या शिरतात, कुणीतरी उभं पाहिजे. दुसऱ्या दिवशी गेणू उठले, दाढी केली आणि काठी घेऊन देवराईच्या वाटेवर उभे राहिले. त्यानंतर त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता.

आता तीच अडचण झाली होती. गेणूंना काचबिंदू होता. एका डोळ्याची नजर गेली होती, ती परत येणार नव्हती. दुसऱ्याचं ऑपरेशन लगेच करायला हवं होतं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी गुरुवारची तारीख दिली होती. ती चुकली तर पुढची कधी, सांगता येत नव्हतं. गेणू म्हणत होते, बदली आल्याशिवाय हलणार नाही.

हिराबाई बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "तुमी त्येंना ठिवलं, तुमीच सोडवा. डोळा गेल्यावं काय राखणार हाये तो मानूस?"

गावातलं कुणी उभं करा, मी म्हटलं. हिराबाई म्हणाल्या, गावातलं त्यांना चालत नाही, शेळ्या गावाच्याच असतात. मग मी सुभेदारांना म्हटलं, एक निरोप पाठवा की ड्युटी संपली, मोकळे आहात. एवढं सोपं आहे.

सुभेदार म्हणाले, "आन् जागा रिकामी ठिवू? रिकामी चालती म्हनलं, तर आजवर उभा व्हता तो कशापायी? डोळा वाचंल त्याचा. परत भिंतीकडं तोंड करंल त्याचं काय करू?"

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला. एका माणसाची नजर जात होती आणि हे गृहस्थ नियम सांगत होते. वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं मला खोडता येईना.

त्यांनी बदली शोधायला सुरुवात केली. एकाची द्राक्षं काढणीला आली होती, एकाची मुलगी बाळंतपणाला आली होती, एकाला दम्याने चढण जमत नव्हती. सुभेदारांचा स्वतःचा गुडघा सुजलेला होता आणि डॉक्टरांनी चढ-उतार बंद केला होता. बुधवार उजाडला. मी स्टँडवर त्यांना विचारायला गेले, तर ते माझ्या बुटांकडे बघत होते.

"तूच जा, रंगरूट."

मी म्हटलं, माझा प्रबंध आहे, मॅडमना कच्चा मसुदा द्यायचाय, मी सैनिक नाही, मला काठी धरता येत नाही. ते म्हणाले, सांजच्याला बदली धाडतो. आणि लुना चालू केली.

घोडेगावहून जीप मिळाली. डिंभे धरणाच्या पाण्याच्या कडेने, वळणं घेत घेत, पार वर. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात मॅडमना स्पष्टीकरण देत होते. फोनची रेंज कधी गेली तेही कळलं नाही.

गेणू नायक देवराईच्या तोंडाशी उभे होते. मागे जुनी झाडं, दुपारीसुद्धा अंधार, आणि जमिनीवर वर्षानुवर्षांची वाळकी लाकडं, जी तिथलं कुणी चुलीसाठीही उचलत नाही. त्यांनी मान वाकडी करून, चांगल्या डोळ्याची बाजू पुढे आणून मला पाहिलं.

"कुणाचा हुकूम?"

"सुभेदारांचा."

त्यांचा विश्वास बसला नाही. बसण्यासारखं काही नव्हतंच. मग ते हळूहळू खाली वाकले, अगदी जवळ, आणि माझे बूट पाहिले. एका हाताने चाचपले. उभे राहिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता.

"त्येंनीच धाडलंय," ते हिराबाईंना म्हणाले, आणि काठी माझ्या हातात दिली.

आलेल्या जीपनेच ते दोघं खाली गेले. मी ठरवलं होतं की जीप वळणाआड गेली की मीही सुटले. कुणाला कळणार होतं? मी गावात जाऊन बसले असते, संध्याकाळच्या गाडीने निघाले असते. प्रत्यक्षात मी तिथेच उभी राहिले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हातात काठी होती, एवढंच. चार मुलं स्पीकर घेऊन आली. मी म्हटलं, आत गाणी लावायची नाहीत. एकाने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, मी ड्युटीवर आहे. हे आपल्याच तोंडून ऐकून मला सुभेदारांचा नव्याने संताप आला. मुलं मात्र स्पीकर बंद करून बसली.

संध्याकाळी बदली आली नाही. अंधार पडल्यावर देवराईत कुणी शिरत नाही, म्हणून मी गेणूंच्या सुनेकडे नाचणीची भाकरी खाऊन झोपले आणि सकाळी पुन्हा जाऊन उभी राहिले. सून हसली. म्हणाली, "तुमी बी त्यातल्याच का?" पहिली जीप माझ्यासमोरून खाली गेली. हात केला असता तर थांबली असती.

उन्हं डोक्यावर आल्यावर दूधवाल्याच्या मोटरसायकलवर मागे बसून सुभेदार आले. उतरताना त्यांना दोघांनी धरलं. पुढची चढण त्यांनी पाय ओढत पार केली. घामाने शर्टाची इस्त्री गेली होती. माझ्यापुढे येऊन ते सरळ उभे राहिले.

"रिपोर्ट."

मी सांगितलं. पर्यटक आले, स्पीकर बंद केला, एक शेळी आत शिरली.

"शेळी आत ग्येली?"

त्यावर माझा बांध फुटला. मी त्यांना सगळं ऐकवलं. संध्याकाळी बदली धाडतो म्हणालात, कुठे होती बदली? महिनोन्‌महिने मी तुमच्यामागे फिरतेय, एका माणसाला तुम्ही तोंड उघडू दिलं नाहीत, माझ्या प्रबंधात सगळ्यांना ठीक झोप लागते, मॅडम मला नापास करतील, माझे वडील माझ्या फीसाठी दुसऱ्यांचे टोमॅटो वाहतात, आणि मी इथे शेळ्या राखतेय. मी रडलेसुद्धा. सुभेदारांनी हात पाठीमागे बांधून सगळं ऐकून घेतलं.

माझं संपल्यावर म्हणाले, "झालं? मंग रिपोर्ट पुरा कर. शेळी भाईर आली का न्हाई?"

"आली."

"मंग जा. गेणू येईस्तवर मी हाय हितं. ओतूरची फेरी तुझ्याकडं." माझ्या हातातून काठी घेतली आणि माझ्या जागी उभे राहिले. दुखरा पाय किंचित पुढे.

मी खाली आले ती ठरवूनच, की फेरीबिरी काही मारायची नाही. पण स्टँडवर हवालदारांनी विचारलं, सुभेदार कुठं? मी सांगितलं. ते म्हणाले, मग आज फेरी कोण मारणार? मला जावंच लागलं. सुभेदारांच्या लुनाची किल्ली हवालदारांकडेच होती.

पहिल्या दिवशी मी लांबूनच विचारत होते, ठीक आहे ना? ठीक आहे. पंपावरचे मात्र माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, "पाय बघायचं राह्यलं की." मी म्हटलं, नको काका, कशाला. पण ते कट्ट्यावर बसलेही होते. मी शेजारी उभी राहिले. दुसरं काय करणार?

फौजी माणूस नाडी घट्ट बांधतो. ती सोडायला वेळ लागतो. मान खाली घालावी लागते, दोन्ही हात गुंतलेले असतात, समोरच्याकडे बघायची सोय नसते. पंपावरचे गाठ सोडत होते आणि गाठीकडेच बघत, हळू आवाजात, त्यांनी बोलायला सुरुवात केली. मी कधीपासून जे विचारत होते तेच, पण मी न विचारता. एक बूट निघाला. दुसरा निघेपर्यंत ते बोलत होते. मग त्यांनी मोजे पुन्हा चढवले, बूट बांधले आणि उभे राहिले. चेहरा नेहमीसारखा.

"ताई, हे कागदात नको."

मी म्हटलं, नाही लिहिणार.

शाळेवरच्यांकडे गेले तेव्हा मी स्वतःच म्हटलं, पाय दाखवा. पुढच्या दिवसांत सगळेच दगडावर, पायरीवर बसत गेले आणि सगळेच, थोडं थोडं, नाडीशी बोलत गेले. आणि प्रत्येकाने शेवटी तेच सांगितलं: हे लिहू नको. खिडकीतून येणारं ते "ठीक लागती" मला आठवायचं आणि राग यायचा. आता तो नक्की कशाचा, ते मला सांगता आलं नसतं.

मी लिहिलं नाही. प्रबंधात झोप ठीकच राहिली. मॅडमनी लाल शाईने शेरा मारला, निष्कर्ष वरवरचे आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, तुम्ही लोकांचा विश्वास संपादन करू शकला नाहीत का? मी म्हटलं, नाही सर. पास झाले, कसेबसे. वडिलांनी पेढे वाटले. मला अजूनही त्या गुणपत्रिकेकडे बघितलं की सुभेदारांना चार शब्द सुनवावेसे वाटतात.

पण हे नंतरचं. त्याआधी गेणू परतले. काळा चष्मा लावून, हिराबाईंच्या खांद्यावर हात ठेवून. डोळा वाचला होता. सुनेने मला नंतर सांगितलं, की त्यांनी आधी काठी मागितली आणि मग पाणी. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सुभेदार आणखी काही दिवस त्यांच्याबरोबर उभे राहिले, आणि मग ताबा देऊन खाली आले.

मी ओतूरच्या स्टँडवर होते, बूट घालून. सुभेदार एसटीतून उतरले तेव्हा दांडीला बराच वेळ धरून राहिले. बारीक झाले होते. शर्ट मात्र कडक. आहुप्यात इस्त्री कुठून मिळवली कोण जाणे.

"रिपोर्ट."

मी स्टँडचं, शाळेचं, पंपाचं सांगितलं. लुनात पेट्रोल भरलंय, हेही सांगितलं.

"पाय बघितलं?"

"रोज."

"मंग?"

ते माझ्याकडे बघत होते. मला खूप काही सांगता आलं असतं. समोर चहाच्या गाडीशी पंपावरचे उभे होते, आमच्याकडे पाठ करून, कप तोंडाशी तसाच धरून.

"ठीक आहेत सगळे," मी म्हटलं.

सुभेदारांनी मान हलवली. इकडेतिकडे पाहिलं. मग ते बाकावर बसले. स्टँडवरची एकदोन माणसं वळून बघायला लागली. त्यांनी दुखरा पाय पुढे केला, वाकायचा प्रयत्न केला, हात नाडीपर्यंत पोचला नाही.

नारायणगावची जीप भरत आली होती. ड्रायव्हर मला हाका मारत होता.

"गुडघा वाकत न्हाई," सुभेदार आपल्या पांढऱ्या बुटाकडे बघत म्हणाले. "येवढी गाठ सोड, रंगरूट."

मी ड्रायव्हरला जा म्हणून हात केला आणि खाली बसले. गाठ फार घट्ट होती.